काउंटरच्या आतल्या बाजूला

माजलगावात धान्याच्या मोंढ्याच्या आसपास शेतीच्या औषधांची दुकानं चौदा आहेत. मी मोजलेली आहेत. कढीपत्त्यावरच्या मावा किडीसाठी निंबोळी तेल त्यांतल्या कुठल्याही दुकानात मिळालं असतं. तरी मी बाकीची दुकानं ओलांडून प्रियदर्शनीच्याच दुकानात जाते आणि घरी येऊन उरलेला दिवस खराब करून घेते.

परभणीला कृषीची पदवी घेताना आम्ही दोघी चार वर्षं एका खोलीत राहिलो. कीटकशास्त्रात मला ब्याण्णव गुण होते, तिला अठ्ठावन्न. तिची प्रात्यक्षिकाची वही माझ्या वहीवरून उतरलेली असायची. एकदा मी मुद्दाम चित्रात भुंगेऱ्याचा एक पाय काढलाच नाही, तर तिच्याही भुंगेऱ्याला पाचच पाय आले. पुढे मी एम.एस्सी. केलं, कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात राहिले आणि लग्न होऊन इथे आले. नवरा, नवनाथ, महाविद्यालयात शिकवतो. मी घरी असते. तिने पदवी झाल्यावर सरळ परवाना काढला आणि सासऱ्यांच्या जागेत दुकान टाकलं. पाटीवर तिचं नाव आहे, नावापुढे पदवी. पाटी लांबूनही वाचता येते.

त्या दिवशी मी गेले तेव्हा ती फोनवर होती. फोनवर हात ठेवून म्हणाली, "आत ये गं माया, बस. मागं गोदामात माल उतरायलाय, आलेच." आणि मागच्या दाराने गेली.

काउंटरची फळी उचलून मी आत गेले, पण बसले नाही. मांडणीवर बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं एकाच कप्प्यात होती, काहींची लेबलं भिंतीकडे. मी ती वेगळी करून नीट लावायला लागले. हे दुकान माझं असतं तर असं राहिलं नसतं, असं मनात आलं. ते तिथे गेल्यावर दर वेळी येतं.

"ए पोरी, हे बघ बरं जरा."

काउंटरपलीकडे साठीच्या एक बाई उभ्या होत्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कपाशीची पानं. आमच्याकडे पिकाचं औषध न्यायला येणारा माणूस बिघडलेलं पान सोबत आणतो आणि दुकानदार ते बघून औषध सांगतो.

"लाल पडायलेत पानं. कावून पडायलेत, सांग."

मी इथे कामाला नाही, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. चष्मा सारखा केला आणि पिशवी हातात घेतली.

"लागवडीला किती दिवस झाले?"

"तीन म्हैने व्हत आलेत."

पानाच्या कडा लाल होत्या, आतला भाग पिवळसर, शिरा हिरव्या. पान उलटं करून पाहिलं. खाली काही नव्हतं. कडा खाली वळलेल्या होत्या, पण पिशवीत कोंबलेलं पान वळतंच.

"मॅग्नेशियम कमी पडलंय," मी म्हणाले. "मॅग्नेशियम सल्फेट न्या. दहा लिटरच्या पंपाला शंभर ग्रॅम. दोनदा फवारा. बाकी काही लागत नाही."

"औषध न्हाई?"

"नाही. दुकानदार उगाच बाटल्या गळ्यात मारतात."

हे शेवटचं मी जरा मोठ्याने बोलले. मागचं दार उघडंच होतं.

बाईंचा चेहरा खुलला. "लई गुणाची हायस. आमच्या गावातला दुकानवाला पंडित, कायबी दाखवा, दोन बाटल्या सांगतो. पुढल्या येळंला मी तुलाच दाखवणार बघ."

मी हसले. तेवढ्यात प्रियदर्शनी यावी आणि तिने हे ऐकावं, असं मला फार वाटत होतं. ती आलीच, ओढणीने हात पुसत.

"जाईमावशी, कवा आलात?"

तिने पिशवीतलं एक पान उचललं, क्षणभर पाहिलं आणि खाली ठेवलं. "पान तोडताना हाताजवळून काही उडालं का?"

"उडतंय की. हिरवं, बारकं. झाडाला धक्का लागला की भुर्र."

"आन् जे उडत न्हाईत ते कसे पळत्यात? सरळ का तिरपे?"

जाईबाईंनी काउंटरवर बोट तिरकं सरकवून दाखवलं. "असं. खेकड्यावानी."

"तुडतुडे हायत, मावशी."

तुडतुडे पानाचा रस शोषतात. पानाच्या कडा पिवळ्या पडतात, लाल होतात, खाली वळतात. पिल्लं तिरपी चालतात. हे सगळं माझ्या वहीत होतं, तिने तिथूनच उतरवलं होतं. पण पान तोडताच ते उडून जातात आणि पिशवीत नुसतं पान येतं, हे वहीत नव्हतं.

"ह्यांनी सांगितलेलं मॅग्नेशियमबी न्या, पिकाला चांगलंच हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "पण आधी तुडतुड्याचं औषध मारा. एकच बाटली. आठ दिवसांनी येऊन सांगा मला."

म्हणजे तिने आतून सगळं ऐकलं होतं. बाटल्यांचंही.

जाईबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. "नवी हाय वाटतं. शिकंल हळूहळू."

"कामाला न्हाई ती, मावशी. मैत्रीण हाय माझी. कॉलेजात पहिली आलती. तिच्या वह्या बघून तर मी पास झाले."

"मंग?" जाईबाई म्हणाल्या.

प्रियदर्शनी बिल करायला लागली. जाईबाई औषध घेऊन गेल्या.

इतकी वर्षं मी हे दुकान चालण्याची कारणं शोधत आले होते. रस्त्यालगतची जागा, सासऱ्यांच्या ओळखी, तिचं गोड बोलणं. तिला हे काम येतं, असं कारण मी कधी धरलंच नव्हतं. जागेचा हेवा मला सवयीचा होता. हा नवा होता आणि जास्त लागत होता.

प्रियदर्शनीने निंबोळी तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली. "हंगामभर येऊन बसत जा की हितं. माणूस पाहिजेच हाय मला."

"कामाला?"

"मग काय मालकीण म्हणून?" ती हसली. मग म्हणाली, "खरंच म्हणते मी."

मी काही बोलायच्या आत एक शेतकरी आले आणि मी आत उभी म्हणून त्यांनी वांग्याचं पान माझ्यापुढे धरलं. हात पुढे करायची फार इच्छा झाली.

"त्यांना दाखवा," मी म्हणाले.

फळी उचलून मी बाहेर आले. तेल मिळालं होतं, थांबायचं काही काम नव्हतं. पण ती पहिला प्रश्न कोणता विचारते ते मला ऐकायचं होतं. मनात मी एक प्रश्न ठरवून ठेवला.

तिने दुसराच विचारला.