सासूबाईंची कात्री

आमच्या सासूबाई शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कापड कापतात. त्यांचा हात असा साफ आहे की बघत राहावं. आल्यागेल्याला मी हे सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

त्यांची निवृत्ती जवळ आली तसा माझा नवरा "आता आई आराम करणार" असं गावभर सांगत सुटला. आरामखुर्चीही घेऊन आला. सासूबाईंनी तिच्यावर इस्त्रीचे कपडे रचले. आराम हवाय का, हे आईला विचारायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. मालकांनी थांबा म्हटलं असतं तर त्या एका पायावर तयार होत्या, पण स्वतःहून मागणं त्यांच्या स्वभावात नाही. कात्रीला धार लावायचंही त्यांनी सोडून दिलं. "आता कशाला?" म्हणाल्या. 

त्या कारखान्यात ज्याची कात्री त्याची. ती एका हाताला सरावलेली असते, म्हणून दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. फक्त शेवटच्या दिवशी निवृत्त होणारा ती टेबलावर ठेवतो आणि हाताखाली शिकलेलं कुणीतरी उचलतं.

निरोपाच्या दिवशी आम्ही दोघंही गेलो होतो. सासूबाईंनी कात्री टेबलावर ठेवली. कुणीच हात पुढे केला नाही. त्यांचा चेहरा उतरला. ज्या पोरींना हाताला धरून शिकवलं, त्यांतल्या एकीलाही ती नको? माझं डोकंच फिरलं.

"चल आई, घरी जाऊ," नवरा हळूच म्हणाला.

तेवढ्यात त्या पोरींतली सगळ्यांत बडबडी पुढे आली. सासूबाईंनी सगळ्यांत जास्त फैलावर घेतलं असेल ते हिलाच.

"मावशी, कात्री जाणाऱ्याची घेतात. तुम्हाला कोण जाऊ देतंय? आम्ही सगळ्या मालकांकडे गेलो होतो. नव्या मुलींना तुम्हीच शिकवायचं. पगार घेऊन!"

मालक दारात उभे होते. "नाही म्हटलं असतं तर यांनी मलाच कापलं असतं," ते म्हणाले.

नवऱ्याला घाम फुटला. "अगं पण आई, लोक काय म्हणतील? मुलगा आईला दोन घास घालत नाही?"

"घाल की! कामावरून भुकेली येईन, गरम गरम वाढ."

सगळ्या खो खो हसल्या. माझा ऊर अभिमानाने भरून आला. अशी सासू शोधून सापडायची नाही.

सासूबाईंनी कात्री उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि मुलाला म्हणाल्या, "जाताना धारवाल्याकडे थांबू या."