अंग चोरून

गॅलरीचं दार सॅन्टनने अर्धं उघडलं, बाहेर थेरेसा खुर्चीत बसलेली दिसली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सॉरी."

"सॉरी कशाला? ये की," थेरेसा म्हणाली. तिने मान वळवली नाही.

"नको, बस तू. कपडे मी मागाहून वाळत घालतो."

त्याने आवाज न करता दार लोटलं आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. स्वतःच्या घामाच्या पैशाने बांधलेल्या गॅलरीत पाऊल टाकायला नवरा बायकोची माफी मागतो, हे वसईजवळच्या भुईगावात दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर लोक पोट धरधरून हसले असते. सॅन्टनच्या बाबतीत मात्र लोक हसून हसून थकले होते.

सव्वीस वर्षं तो क्रूझच्या बोटीवर केबिन स्टुअर्ड होता, पाहुण्यांच्या खोल्या आवरायचा. समुद्राच्या बाजूच्या अठरा केबिन त्याच्याकडे, प्रत्येक केबिनला एक बालकनी, आणि दोन बालकन्यांच्या मध्ये पुरुषभर उंचीची एक पांढरी फळी. फळीपलीकडे डोकावायचं नाही, ही पाहुण्यांची रीत. स्टुअर्डची त्याहून कडक. सकाळी कठडा पुसताना शेजारच्या बालकनीत कोणी आलंच तर नजर फडक्यावर ठेवायची. कोणी रडत असेल, भांडत असेल, अंगावर पुरते कपडे नसतील, तर आल्या पावली मागे फिरायचं आणि दार असं लावायचं की वाऱ्याने लागलं वाटावं. पाहुणा समोरून आला तर भिंतीला पाठ लावून, अंग चोरून बाजूला उभं राहायचं. समोर कधी यायचं नाही.

सॅन्टनएवढं हे कुणालाच साधलं नाही. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने तर जाताना कार्डावर लिहून दिलं होतं, 'दोन आठवडे हा माणूस रोज माझ्या खोलीत येऊन गेला, पण मला एकदाही जाणवला नाही.' कंपनीने त्या कार्डाला फ्रेम करून दिली. ती आता हॉलमध्ये, येशूच्या तसबिरीच्या खाली लावलेली आहे. येशूच्या शेजारी लावायची त्याची हिंमत झाली नाही.

"त्या बालकन्यांत काय काय बघितलं असशील रे!" शेजारचा बॅप्टिस्ट डोळे मिचकावून विचारायचा.

"कठडा," सॅन्टन सांगायचा. बॅप्टिस्टला ती थाप वाटायची. पण ते अगदी खरं होतं.

बॅप्टिस्टच्या आणि त्याच्या गॅलरीत हातभर अंतर. भुईगावात गॅलरी ही बसायची नाही, बोलायची जागा. इकडून तिकडे निरोप जातात, कालवणाच्या वाट्या जातात, पोरापोरींची लग्नं जुळतात आणि मोडतातही. सॅन्टन मात्र बॅप्टिस्ट बनियनवर बाहेर आला की मान खाली घालून "गुड मॉर्निंग" म्हणणार आणि आत सटकणार. "आमचा वास येतो काय रे तुला?" बॅप्टिस्ट एकदा खवळलाच. "कायमचा घरी आलास, पन अजून बोटीवरच हायस!"

कायमचा घरी येऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी वर्षातले जेमतेम दोन महिने तो घरी असायचा. उरलेले दहा महिने थेरेसा एकटी. तिने एकटीने लेकीला, अमिषाला वाढवलं, नर्स केलं, दुबईला धाडलं. सासूचं दुखणं काढलं. गवंड्यांच्या डोक्यावर उभी राहून वरचा मजला बांधून घेतला. तिकडे नवरा कुणाला न जाणवता जगायला शिकला आणि इकडे बायको कुणावाचून जगायला शिकली. दोघंही आपापल्या कामात वाकबगार झाले.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात तो झोपायच्या खोलीचं दार वाजवून आत यायचा, तेव्हा थेरेसा खळखळून हसायची. पुढे नुसतं "ये" म्हणायला लागली. मग तेही राहून गेलं. तो वाईट नवरा नव्हता हो. चादर त्याच्याइतकी ताणून कुणी घातली नसती. चहा तिच्या हाताशी ठेवून तो कधी गेला, हे तिला कळायचंही नाही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर थेरेसाची बहीण प्रिस्का जेवायला आली. प्रिस्का म्हणजे तोंडाने फाटकी आणि डोळ्याने तिखट. बोंबलाच्या कालवणाची वाटी तिने थेरेसाच्या डाव्या अंगाने पुढे केली. थेरेसा समोर बघत भात कालवत राहिली. प्रिस्काने वाटी तशीच धरून ठेवली. थेरेसाच्या कानाजवळ नेली. मग हळूहळू पुढे आणली. वाटी अगदी नाकासमोर आली तेव्हा थेरेसा केवढ्याने तरी दचकली.

"कधीपासून?" प्रिस्काने विचारलं.

"काय कधीपासून?"

"बाजूचं दिसत नाय ते."

"वय झालं आता. चालताना जरा आदळते, एवढंच," थेरेसा म्हणाली. "तू जेव ना."

प्रिस्का सॅन्टनकडे वळली. "आनि तू रे? दोन वर्षं एका घरात राहतोस. मला दहा मिनटं नाय लागली!"

सॅन्टनचा घास हातातच राहिला. त्याला दिसलं नव्हतं असं नाही, हेच तर वाईट होतं. तिच्या कोपरावरचे काळेनिळे डाग त्याने पाहिले होते. बशीत सांडलेला चहा पाहिला होता. जिना उतरताना भिंतीवरून फिरणारा तिचा तळवाही पाहिला होता. आणि दर वेळी नजर दुसरीकडे नेली होती. माणसाच्या अंगावरचा डाग विचारायचा नसतो, सांडलेलं त्याच्यादेखत पुसायचं नसतं. तो तिचा मान राखत होता. खरंच, मान राखत होता.

बुधवारी दोघं वसईला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. थेरेसाला एका पांढऱ्या डब्यात डोकं घालून बसवलं आणि हातात बटण दिलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. सॅन्टन दाराजवळ उभा राहून ऐकत होता. बटणाचा आवाज येई, मग कितीतरी वेळ येतच नसे. दाब, थेरेसा, दाब, असं तो मनातल्या मनात म्हणत होता. त्याला वाटलं, आपण आत जाऊन दाबावं.

डॉक्टर क्षितिजा त्यांच्या अमिषाच्या वयाची होती. तिने कागद पुढे ठेवला. दोन डोळ्यांचे दोन गोल, न दिसणारा भाग काळा. दोन्ही जवळजवळ काळे.

"काचबिंदू आहे. डावा डोळा जवळपास गेलाय. उजव्याचं फक्त मधलं उरलंय," ती म्हणाली. "याच्यात कडेचं आधी जातं. दुखत नाही, त्यामुळे पेशंटला कळत नाही. पण घरच्यांना कळतं. तुमच्या घरी कोणाच्याच लक्षात नाही आलं?"

थेरेसा म्हणाली, "घरी आमी दोघंच."

म्हणजे काय, ते डॉक्टरला कळलं नाही. सॅन्टनला कळलं.

"दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" त्याने विचारलं.

"बरंच वाचलं असतं. काका, गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते टिकवायला थेंब देते, रोज संध्याकाळी न चुकता. तरी किती टिकेल, खात्री नाही देता येणार." मग तिने मान वर केली. "आणि तुम्ही तिथे भिंतीशी उभे राहू नका. तुम्ही आत्ता जिथे आहात ना, तिथे त्यांच्यासाठी कोणीच नाही."

सॅन्टनने पाऊल पुढे टाकलं. पण खुर्च्या दोनच होत्या, आणि एवढ्याशा खोलीत कुणाच्या समोर कसं उभं राहावं, हे त्याला उमगेना. तो पुन्हा भिंतीशी गेला. त्याची त्यालाच चीड आली.

रिक्षाने दोघं घरी परतले. दिवे लागायच्या वेळी थेरेसा गॅलरीत जाऊन बसली. सॅन्टन थेंबांची बाटली घेऊन दारात आला आणि थांबला.

"आलास काय?" तिने विचारलं.

"हो."

"पायांचा आवाज तरी करत जा रे. मला वाटायचं, तू घरात थांबतच नायस. चहा दिसायचा, तू नाय. चादर घातलेली दिसायची, तू नाय. मला वाटलं, सवय नाय ह्याला माझी. एवढी वर्षं बाहेर काढली, आता माझ्याबरोबर बसायला नको वाटतं. म्हनून मीपन बोलवायचं सोडलं."

"मी तिथंच असायचो, थेरेसा."

"कुठं?"

"बाजूला."

ती हसली की काय, कळलं नाही. सव्वीस वर्षं पोटासाठी अंगात मुरवलेलं एवढं एकच कसब त्याच्याजवळ होतं, आणि तेच त्याने घरी आणून बायकोवर चालवलं होतं. याची माफी कुणाकडे मागायची आणि ती मिळून तरी काय परत येणार होतं?

"थेंब घालायचेत," तो म्हणाला.

तो खुर्चीच्या उजव्या अंगाला गेला. मग थबकला, वळून पुढे आला आणि तिच्या समोर गुडघे टेकून बसला. पाय पुन्हा बाजूला सरायला बघत होते. त्याने डाव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत त्याने इतक्या जवळून कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. डोळे तसेच होते, पाणीदार, तपकिरी. काही गेलंय असं वाटूच नये.

"वर बघ."

थेंब पडला. थेरेसाने डोळे मिटले, गालावरचा ओघळ पदराने टिपला, आणि डोळे उघडले. तिची नजर त्याच्या कपाळावर आली, नाकावरून खाली उतरली आणि ओठांवर थांबली.

"मिशी कधी काढलीस?" ती म्हणाली.

मिशी त्याने नाताळानंतरच्या आठवड्यात काढली होती. पाच महिने झाले होते. ती काही बोलली नाही तेव्हा त्याला वाटलं होतं, आवडलं नसेल, पण मन दुखवायला नको म्हणून बोलत नसेल. मग त्यानेही विषय काढला नव्हता.

"आजच," सॅन्टन म्हणाला.

"बरा दिसतोस." तिने मान जराशी डावीकडे केली, मग उजवीकडे, आणि पुन्हा त्याला मधोमध आणलं. "हलू नको आता. जरा बघू दे."

तो हलला नाही. बॅप्टिस्टच्या गॅलरीतला दिवा लागला, खाली कुणीतरी कुणाला हाक मारली, गुडघ्याखालची लादी बोचू लागली. थेरेसा बघत होती.