घोड्याचे कान

मी एक जुना रांजण आहे. माझ्या पोटावर काढलेला घोडा हे शक्तीचे आणि त्याच्या पायांखालची नदी हे जीवनाचे प्रतीक आहे, असे एका अभ्यासक पाहुण्यांनी माझ्यावर हात ठेवून सांगितले होते. त्या वेळी माझ्यात एक मेलेली माशी तरंगत होती.

मित्रांनो, मला एका कुंभाराने घडवले आणि त्याच्या लेकीने पांढऱ्या मातीने रंगवले. घोड्याला पाच पाय झाले.

"अगं, पाचवा पाय कुणाचा?" कुंभाराने विचारले.

"शेपूट आहे ते, बाबा. दमलाय तो, म्हणून खाली आलंय."

या खुलाशापुढे कुणाचे काय चालणार? असला माल विकायचा कसा, म्हणून मी घरातच राहिलो.

मी भरलेला असलो की पाणी झिरपून घोडा ओला, करडा दिसे. पाणी उतरले की आधी त्याचे कान वाळून पांढरे पडत. मग लेक ओरडे, "आई, घोड्याला तहान लागली!" आई कुरकुरत घागर उचलायची.

पुढे लेक तापाने गेली. ओरडायला कुणी उरले नाही, तरी आईने घोड्याचे कान कधी वाळू दिले नाहीत. येता-जाता माझ्यात तांब्याभर ओतायची. "पी रे बाळा," म्हणायची.

मग ते अभ्यासक पाहुणे आले. निघताना ते म्हणाले, "रंग उडत चाललाय. जपा हं." कुंभार घाबरला. बायको बहिणीकडे गेल्याचे बघून त्याने मला रिकामे केले, उन्हात वाळवले आणि बाहेरून व्हार्निशचे दोन हात दिले. घोडा नवरदेवासारखा चमकू लागला.

आई परतली. तिने मला काठोकाठ भरले आणि समोर बसली. दुपार कलली, तरी कान पांढरेच.

"अहो, हा पीत नाही."

"पण आता पुसला जाणार नाही गं कधी."

तिने ओला पदर कानांवर दाबून पाहिला. मग कुंभाराने सुरी आणून व्हार्निश जरा खरवडून पाहिले. पाचवा पाय निघून आला.

"राहू द्या," आई म्हणाली.

मित्रांनो, गेलेल्या माणसांच्या वस्तू जरूर जपा. फक्त त्याआधी त्या वस्तूला काय लागते, ते घरात एकदा विचारा. माझ्यातले पाणी त्यानंतर गार होईना.

सध्या माझ्यात कांदे आहेत.