कोरडा नळ

रागिणीच्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. अमरावतीच्या विद्यापीठात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये ती आणि प्रतीक्षा दोघी पीएचडी करत होत्या. रागिणी दोन वर्षांनी सीनियर, पण लॅबच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्या गाइड सीमा मॅडमनी दिली प्रतीक्षाला. का, तर म्हणे तिची शिस्त चांगली. वरूडहून संत्र्यांची पेटी आणून अख्ख्या विभागाला वाटायची, ही शिस्त का? रागिणीच्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

मॅडमनी वर हेही बजावलं, की नाव एकीचं असलं तरी काळजी सगळ्यांनी घ्यायची. रागिणीनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, नाव तिचं ना, मग घेऊ दे तिलाच काळजी.

डोळ्यांत काही उडालं तर धुवायला लॅबच्या कोपऱ्यात एक नळ होता. तो दर सोमवारी सोडून बघायचा. त्या सोमवारी प्रतीक्षाला बहिणीच्या साखरपुड्यासाठी अकोल्याला जायचं होतं, म्हणून तिनं ते काम रागिणीला सांगितलं. रागिणीनं नळ सोडला, तर ठणठणीत कोरडा. वर टाकीचं काम चाललेलं, कोणीतरी पाणी बंद करून ठेवलं होतं. शिपाई डोमाजींना एक हाक मारली असती तरी भागलं असतं. पण उद्या मॅडमच्या तपासणीत या लाडकीची कशी जिरेल, या विचारानं रागिणीला गुदगुल्या झाल्या. तिनं नळ तसाच राहू दिला.

संध्याकाळी अकोल्याहून फोन आला. "ताई, तो नळ पाह्यला का व?"

"पाह्यला," रागिणी म्हणाली.

आता आमच्याकडे पाह्यलं म्हणजे डोळ्यांनी बघितलं, आणि पाह्यलं म्हणजे कामही निस्तरलं. प्रतीक्षानं ऐकलं दुसरं. रागिणीनं मात्र आपण खोटं कुठं बोललो, अशी स्वतःची समजूत घातली.

मंगळवारी मॅडम आल्याच नाहीत. प्रतीक्षा आली, कामाला लागली. वाफेनं धुरकटलेला गॉगल पुसायला तिनं काढला आणि तेवढ्यात ॲसिडचा शिंतोडा उजव्या डोळ्यात गेला. ती धडपडत नळाकडे धावली. नळातून नुसती हवा आली. डोमाजी खालून बादली आणेपर्यंत ती किंचाळत होती, आणि रागिणी जागच्या जागी उभी.

डोळा वाचला, पण नजर किती येईल ते डॉक्टर सांगेनात. पुढच्या आठवड्यात ती डोळ्याला पट्टी बांधून विभागात आली. मॅडमनी विचारलं, तर म्हणाली, "चूक माही हाये, मॅडम. ताईनं पाह्यला होता, नंतर बंद झाला असन. मी एकडाव पाहाले पायजे होतं."

मॅडमचे डोळे भरून आले. आणि रागिणी, काय सांगावं, तेव्हाही जळाली. डोळ्यावर बेतलं तरी मोठी हीच.

"आता ही जबाबदारी रागिणीकडे," मॅडम म्हणाल्या.

"बरं झालं," प्रतीक्षा म्हणाली. "तुमच्यापाशी असलं का मले भेव नाही, ताई."

ते काही रागिणीला ऐकवेना. "मले देऊ नका, मॅडम."

"काहून?" प्रतीक्षानं उघड्या डोळ्यानं तिच्याकडे बघितलं.

"तो नळ सोमवारीच कोरडा होता," रागिणी म्हणाली.