दव वाळेपर्यंत

बर्फाची खिंड ओलांडून पलीकडचं कुरण बघून येणार, असं कोंडीबानं आटपाडीजवळच्या आपल्या वाडीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हिमाचलातले मेंढपाळ त्या खिंडीतून कळप नेतात, हे सुनेनं, मायानं, फोनवर सांगितल्यापासून म्हाताऱ्याला चैन नव्हतं. जन्म मेंढरांमागं गेलेला, आणि एवढंच बघायचं राहावं? "जाऊन आलास तर खरं," असं त्याचा दोस्त बिरदेव म्हणाला, आणि मग प्रश्न इभ्रतीचाच झाला.

मुलगा रविराज तिकडंच सोनं गाळायचं, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, दुकान चालवत होता. माया म्हसवडची. गडकिल्ले चढता चढता ती गिर्यारोहण शिकली आणि आता तिकडं लोकांना डोंगर चढवायचं कामच करत होती. एप्रिलात सासू-सासरे आले, तेव्हा हरणाबाई मुलापाशी राहिली आणि कोंडीबा मायाबरोबर निघाला. सोबत डोंगर चढायला आलेले कराडचे चार तरुण पाहुणे होते.

आदल्या संध्याकाळी तंबूपाशी मायानं सगळ्यांना समजावलं. या दिवसांत बर्फ रात्री गोठून घट्ट होतो. ऊन चढलं की त्याला आतून पाणी सुटतं आणि अख्खा उतार खाली येतो. म्हणून उजाडायच्या आत निघायचं आणि उतार एकेकानं ओलांडायचा. पहाटे वाटाड्याला घेऊन ती उतार तपासायला पुढं गेली. जाताना म्हणाली, "मामा, सगळ्यांना घेऊन लगीच मागनं या. तुमीच मोठे हाय."

तिथंच घोटाळा झाला. कोंडीबा बाहेर आला तर गवताच्या पात्यापात्यावर दव गोठलेलं. दवात मेंढरं सोडली की त्यांची पोटं बिघडतात, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. सुनेचं बोलणं कानात होतं, पण पाय काही उचलेना.

"दव वाळूंद्या, मंग निगू," तो पाहुण्यांना म्हणाला.

लीडरच्या सासऱ्यापुढं कोण बोलणार? सगळ्यांनी आणखी एकदा चहा घेतला. कोवळं ऊन अंगावर आलं, गवत सुकलं, आणि कोंडीबा ऐटीत निघाला. कळप कसा जपून न्यावा, हे आपल्याकडून शिकावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

माया वाटेतच उभी होती. उतार उन्हानं लखलखत होता. तिनं काठी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली. वरून बर्फाचे लहान लहान गोळे आपोआप घरंगळत होते.

"माघारी फिरा," ती म्हणाली.

"आगं, समोर तर हाय खिंड. उद्या गाडी हाय माजी. गावात काय तोंड दावू?"

"मामा, गावाला तुमचं तोंड दिसावं म्हणूनच सांगती." ती वाटेतून हलली नाही.

सुनेनं चारचौघांत अडवलं म्हणून म्हातारा जाम चिडला. फणफणत, पाय आपटत तो वळला.

तंबूपाशी येऊन भाकरी सोडली, तोच वर गडगडाट झाला. समोरचा उतार बघता बघता सरकला आणि जायची वाट ढिगाऱ्याखाली गेली. कोंडीबाच्या हातातला घास हातातच राहिला. कराडची पोरं आपल्याच शब्दावर थांबली होती, हे आठवून त्याच्या अंगावर काटा आला.

"चुकलंच पोरी माजं. मेंढरं न्यायची असल्यागत दव वाळायची वाट बघत बसलो," तो म्हणाला.

"पुढल्या खेपंला ही मेंढरं न्हाईत एवढं ध्यानात ठेवा," माया म्हणाली, आणि पाहुण्यांबरोबर तोही हसला.

तरी गाडीत त्यानं गावासाठी मस्त थाप रचली. खिंड ओलांडली, कुरण पाहिलं, सगळं. "आवं, मी गावात काय बोलत न्हाई," हरणाबाईनं कबूल केलं.

जत्रेला रविराज आणि मायाही गावी आले. देवळापुढं घोंगडीवर म्हातारी मंडळी बसली होती. माया डोक्यावर पदर घेऊन बायकांत उभी होती.

"काय रं गड्या, वलांडलीस का खिंड?" बिरदेवानं विचारलं.

कोंडीबानं मायाकडं बघितलं. थाप जिभेवर होती, ती त्यानं गिळली.

"न्हाई. सुनंनं माघारी फिरवलं."

"सुनंनं? आन् तू फिरलास व्हय?"

"फिरलो." कोंडीबा घोंगडीवर बाजूला सरकला. "माया, हिकडं यं. बस हितं. बर्फ कवा घसरतो, त्ये ह्या मानसांना नीट सांग."

त्या घोंगडीवर आजवर कुठली सून बसली नव्हती. मंडळी एकमेकांकडं बघत राहिली. माया येऊन सासऱ्याशेजारी बसली. बिरदेवानं पाय आखडून घेतले आणि तो ऐकू लागला.