सतराव्या घरातला उसासा

एर्सिलिया क्रुचानीच्या हातून चूक होत नाही, हे रोममधल्या सगळ्या नकलनवीसांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ती स्वतः सांगायची. शाळेत ती तीन इयत्ता गेली होती. वर्तमानपत्र वाचायचं तर बोट ठेवून वाचावं लागे. पण पाच रेघा आणि त्यांवरचे काळे ठिपके समोर आले की तिचा हात थांबायचं नाव घेत नसे. संगीतकार लिहितो तो कागद एक आणि वाजवणारे साठ. प्रत्येकाच्या वाट्याचे सूर वेगळे काढून शाईने उतरवायचे, तेव्हा कुठे सिनेमाला संगीत मिळतं. हे काम आधी नवरा करायचा. तो गेल्यावर त्याच्या खुर्चीवर ती बसली, आणि चार पुरुष ती खुर्ची हिसकावायला टपून राहिले. ती म्हणायची, टपा, टपण्यात तुमचं आयुष्य जाईल, माझी खुर्ची जाणार नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये संगीतकार माएस्त्रो गालेआत्सो तोर्रीसींकडून तिच्या घरी कागदांचा गठ्ठा आला. माएस्त्रोंच्या सगळ्यात गाजलेल्या बारा सिनेमांच्या धुना एकाच तबकडीवर निघणार होत्या. जुन्या टेपा सिनेमा कंपन्यांनी दाबून ठेवलेल्या आणि वादकांचे जुने कागद कधीच रद्दीत गेलेले, म्हणून सगळं पुन्हा उतरवायचं आणि नव्याने वाजवायचं. अकरा धुना एर्सिलियाने बारा दिवसांत संपवल्या. बाराव्या धुनेचा गठ्ठा मात्र तिने कपाटावर टाकला आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे रचले.

ती मिठागरांच्या सिनेमाची धून होती. तंतुवाद्यं हळूहळू पसरतात आणि गप्प होतात, मग एक बाईचा आवाज येतो, एकटा, शब्दांवाचून. तो आवाज इटलीत कोणाला ठाऊक नव्हता? न्हावी दाढी करताना गुणगुणायचा, भाजीवाली आर्टिचोक सोलताना. आवाज कोणाचा ते मात्र कोणाला माहीत नव्हतं, कारण सिनेमाच्या पाट्यांवर नाव छापलंच नव्हतं. तो एर्सिलियाच्या लेकीचा होता. नीवेसचा. ती धून गायली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. दोन हिवाळ्यांनंतर न्यूमोनियाने गेली.

शेवटी एका दुपारी एर्सिलियाने कपडे बाजूला केले आणि आवाजाचा कागद लिहायला घेतला. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला त्यांच्या धंद्यात घर म्हणतात, आणि एक मात्रा गप्प बसायच्या वाकड्या खुणेला जुने नकलनवीस उसासा म्हणतात. माएस्त्रोंच्या कागदावर सतराव्या घरात दोन उसासे होते आणि मग आवाज. तिने लिहिलं, शाई वाळू दिली, तपासलं. उसासा एकच होता.

तिने ब्लेडने शाई खरवडली आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा एकच. नवा कागद घेतला, पहिल्या घरापासून सुरुवात केली, सतराव्या घरात आल्यावर तोंडाने मोठ्याने म्हटलं, एक उसासा, दोन उसासे. हात उचलला, तर कागदावर एक.

सून ओर्नेल्ला स्वयंपाकघरात चिकोरीची पानं निवडत होती. ती हात पुसत आली, कागद बघितला आणि म्हणाली की आई, ऊन फार आहे, जरा पडा. एर्सिलिया म्हणाली, ऊन डोक्याला लागतं, एकाच घराला लागत नाही. मग तिने सुनेला शेजारी बसवलं आणि तिच्याकडून मात्रा मोजवून घेतल्या. ओर्नेल्लाने "दोन" म्हटल्यावर एर्सिलियाने डाव्या हाताने उजवं मनगट धरून दुसरा उसासा काढला, हट्टी पोराचा हात धरून गिरवून घ्यावं तसा. तो जरा थरथरला होता, पण होता.

"असं का झालं, आई?" ओर्नेल्लाने विचारलं.

"पेन जुनं झालंय," एर्सिलिया म्हणाली.

पेनचा काही दोष नव्हता. बारा वर्षांपूर्वीही हा उसासा याच घरात राहून गेला होता, याच हातातून. तेव्हा मात्र तिने तपासलं नव्हतं. दोन दिवस झोप नव्हती आणि शेवटचा कागद आपल्याच पोरीचा होता. घरच्या माणसाचं काम माणूस शेवटी करतं आणि घाईत करतं. नीवेस माइकपुढे उभी राहिली, समोरचा कागद बघून गायली आणि एक मात्रा आधी आली. माएस्त्रोंनी कसंबसं साठ जणांना तिच्या मागे ओढलं. धून संपल्यावर त्यांनी छडी खाली ठेवली आणि विचारलं की मोजायला कोण चुकलं.

नकलनवीस तिथे ब्लेड घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो, चूक निघाली तर जागच्या जागी खरवडायला. एर्सिलियाला बसल्या जागी कळलं. नीवेसनेही कागदाकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. आईने तोंड उघडलं असतं तर ती खुर्ची संध्याकाळपर्यंत दुसऱ्याची झाली असती. आईने मान खाली घातली. नीवेसने कागदाची घडी केली.

"मी चुकले, माएस्त्रो," ती म्हणाली.

हॉलची वेळ संपली होती, म्हणून तेच ठेवलं. आणि तीच मात्रा लोकांच्या काळजात जाऊन बसली. गप्प जागेत आवाज असा अवचित यायचा, जणू रिकाम्या घरात कोणीतरी आपल्याला हाक मारावी. पण वादकांना त्याचं काय. त्यांच्यात म्हणच पडली. कोणी मात्रेआधी वाजवलं की बाकीचे म्हणायचे, नीवेस आली. पोरगी गेली त्या आठवड्यातही म्हणाले. बारा वर्षं एर्सिलियाने कोपऱ्यात बसून ते ऐकलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. घरी येऊन मात्र ती कपाटाचा खण उघडून तळाच्या कागदाखाली हात घालून बघायची, तो पिवळा पडलेला एका उसाशाचा कागद तिथे आहे की नाही. नीवेसच्या कोटाच्या खिशात तो तिला सापडला होता. पोरीने तो फाडला नव्हता आणि कोणाला दाखवलाही नव्हता.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी तो कागद तिने पिशवीत घातला. पुलावरून नदीत टाकायचा, विषय संपवायचा. कारण तबकडीच्या कंपनीचा माणूस, पेन्नाकी नावाचा, वेष्टनाच्या पाठीवर छापायला माएस्त्रोंकडून गमतीचे किस्से गोळा करत होता, आणि मोजता न येणाऱ्या पोरीचा किस्सा त्याला सगळ्यात आवडला होता. एकदा ते छापलं गेलं की नीवेस कायमची तीच. आणि हा कागद कोणाच्या हाती पडला तर एर्सिलिया कोण, तेही कायमचं. पुलावर ती बराच वेळ उभी राहिली. खाली नदी गढूळ आणि संथ होती. हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. मग ती स्वतःवरच चिडून चालू लागली.

हॉल एका चर्चच्या पोटात होता, वर प्रार्थना आणि खाली सिनेमे. बाराव्या धुनेला मिरेल्ला नावाची गायिका माइकपुढे आली. जाडजूड, थंड डोक्याची बाई. वीस वर्षांत मात्रा चुकली नाही म्हणून माएस्त्रोंनी मुद्दाम तिला बोलावलं होतं. या वेळी मी लिहिलं तसंच होऊ दे, ते म्हणाले होते. तंतुवाद्यं पसरली आणि गप्प झाली. मिरेल्ला एक मात्रा आधी आली.

मागून कोणीतरी म्हणालं, नीवेस आली. साठ माणसं हसली.

मिरेल्ला हसली नाही. तिने डावीकडे बघितलं, तिथे कोणी नव्हतं. माझ्या शेजारी कोणीतरी श्वास घेतला, ती म्हणाली. आपल्याबरोबर गाणारी बाई श्वास घेते तेव्हा आपलीही छाती उचलते, म्हणून मी आले. माएस्त्रो म्हणाले की कागद बघा. कागदावर दोन उसासे होते, दुसरा थरथरलेला. पुन्हा वाजवलं. मिरेल्ला या वेळी बोटांवर मोजत होती, आणि पुन्हा एक मात्रा आधी आली. आता कोणी हसलं नाही. काचेपलीकडच्या माणसाने टेप मागे नेऊन ऐकवली. गप्प जागेत स्वच्छ ऐकू आलं, कोणीतरी तोंडाने श्वास घेतला, लहानसा, घाबरलेला. मिरेल्ला म्हणाली, हा माझा नाही, मी नाकाने घेते.

तो कोणाचा ते एका माणसाला कळलं. ज्या बाईने पोरीला तापात रात्रंदिवस मांडीवर घेतलंय, तिला पोरीचा श्वास दुसऱ्या कोणी ओळखून द्यावा लागत नाही.

पेन्नाकी भिंतीशी वहीत लिहीत होता. त्याला भलताच मजेचा किस्सा मिळाला होता. एर्सिलिया कोपऱ्यातून उठली. गुडघे वाजले, तेही माइकमध्ये गेलं असेल. वादकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत ती माएस्त्रोंपुढे गेली आणि पिवळा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"मोजायला पोर चुकली नव्हती," ती म्हणाली. "हे माझं अक्षर आहे. सतरावं घर बघा."

माएस्त्रोंनी चष्मा लावला. बोट ठेवून त्यांनी त्या घरातल्या मात्रा मोजल्या.

"एर्सिलियाबाई, तुम्ही तर म्हणायचात की तीस वर्षांत एकही चूक नाही."

"एक होती. ती सोडून म्हणत होते."

"आणि बारा वर्षं मी जगाला सांगत आलो की त्या मुलीला..."

"तुम्ही सांगत आलात, मी ऐकत आले. दोघांत वाईट कोण, ते मला विचारू नका."

वरच्या चर्चमध्ये बाक सरकल्याचं ऐकू आलं. मागच्या रांगेत शिंग वाजवणारा म्हातारा, जो बारा वर्षांपूर्वीही तिथेच बसलेला होता, त्याने वाद्य मांडीवर ठेवलं आणि बुटांकडे बघत बसला. ती म्हण पहिल्यांदा त्याच्याच तोंडून निघाली होती.

माएस्त्रोंनी छडी उचलली. स्वतःच्या कागदावरचा दुसरा उसासा त्यांनी लाल पेन्सिलीने खोडला, आणि नीवेसचा पिवळा कागद मिरेल्लाच्या पुढे नेऊन ठेवला. तिसऱ्यांदा वाजवलं. मिरेल्ला एक मात्रा आधी आली आणि साठही जण तिच्याबरोबर आले. टेप ऐकवली तेव्हा गप्प जागेत तो श्वास नव्हता.

एर्सिलियाने पेन्नाकीला खुर्चीपाशी बोलावलं आणि तो किस्सा खोडायला लावला. त्याच्या जागी काय लिहायचं ते सांगितलं. तो कुरकुरला, की नकलनवीसाचं नाव आजवर कुठल्याच तबकडीवर छापलेलं नाही.

"चांगल्या कामाला छापलं नाहीत," ती म्हणाली, "आता चुकीला छापा. आणि पोरीचं नाव आधी."

ऑक्टोबरात तबकडी घरी आली. ओर्नेल्लाने पाठ वाचून दाखवली. बाराव्या धुनेखाली बारीक अक्षरांत होतं, की हा आवाज प्रथम नीवेस क्रुचानीने गायला, कागदावर होता तसाच, बिनचूक. एक मात्रा गळली ती नकलनवीस एर्सिलिया क्रुचानीच्या हातून. एर्सिलियाने ते पुन्हा स्वतः बोट ठेवून वाचलं, आणि म्हणाली की शाई फिकी आहे, मी याहून चांगली वापरते.

सून बाजाराला गेल्यावर तिने टेबल पुसलं, पाच रेघा आखल्या आणि आवाजाचा कागद पहिल्या घरापासून लिहायला घेतला. सतराव्या घरात आली तशी ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली, हात मोकळा सोडून. मग खाली बघितलं. दोन उसासे होते, ठसठशीत, एकमेकांना लागून. तिने दुसरा कागद घेतला. तिसरा घेतला. संध्याकाळपर्यंत अकरा कागद झाले, आणि प्रत्येकावर दोन. नीवेस काही आली नाही.

तिचा हात पुन्हा कधी चुकला नाही. ओर्नेल्ला सांगते, त्याचीच तिने हाय खाल्ली.