मास्तरांचे शेरे

ती प्रमुख झाली ती माइक बंद होता म्हणून. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींच्या ऑनलाइन सभेत कुणीतरी विचारलं, "पुढची आवृत्ती कोण काढणार? ताई, तुम्ही?" ती "नको, नको, मला झेपायचं नाही" असं चांगलं तोंड भरून सांगत होती, पण पडद्यावरच्या बाकीच्या चौकटींपर्यंत त्यातलं एक अक्षर पोचलं नाही. त्यांच्यात रीतच अशी, की हरकत आली नाही म्हणजे होकार समजायचा. माइक उघडेपर्यंत टाळ्या वाजून घोंगडं गळ्यात पडलं होतं.

"म्हणजे मौन ही संमती," इस्त्री करता करता थोरली बहीण म्हणाली. "आणि या सॉफ्टवेअरचा मालक कोण?"

"कोणीच नाही. सगळे मिळून करतो."

"पण ते करतं काय?"

"प्रोग्रॅम डब्यांत भरलेले असतात. कुठला डबा कुठल्या मशीनवर ठेवायचा ते हे ठरवतं. एखादं मशीन बंद पडलं की त्यावरचे डबे दुसऱ्यावर हलवतं."

"हमालांचा मुकादम," बहिणीने निकाल दिला. इतकी सोपी व्याख्या तिला स्वतःला आजवर सुचली नव्हती.

दिवसा वाचनालयाच्या संगणक विभागात नोकरी आणि उरल्या वेळात हा मुकादम. त्यातलं जे काही तिला येत होतं ते मास्तरांनी शिकवलेलं. मास्तर हे टोपणनाव. दुसऱ्याच्या कामावर शेरे मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. डबे हलवायचा भाग मूळ त्यांचाच. नव्या आवृत्तीत तो बदलणार होता. मशीन उत्तर देईनासं झालं की पूर्वीसारखी वाट बघायची नाही, मेलं समजून लगेच डबे हलवायचे. हा बदल तिनेच लिहून मास्तरांपुढे ठेवला होता, आणि नेमके त्यावरच मास्तर मिठाची गुळणी धरून बसले होते.

शेरा नाही म्हणजे होकार, असं धरून काम पुढे गेलं. पण बदलाची चाचणी काही ऐकेना. सकाळी हिरवी म्हणजे पास, दुपारी लाल म्हणजे नापास, कुणी हात न लावता पुन्हा हिरवी. तिचं डोकं गरगरायला लागलं. मास्तरांना विचारलं तर उत्तर आलं, "तुम्ही ठरवलंच आहे ना." जन्मात कधी 'तू' सोडून न बोललेला माणूस तिला 'तुम्ही' म्हणाला. हे तिला लाल चाचणीपेक्षा जास्त लागलं. आपलं काय चुकलं, ते काही केल्या कळेना.

आवृत्ती जाहीर करायच्या दिवशी चाचणी हिरवी होती. ती घरूनच सभेला बसली, मागे बहिणीची इस्त्री चालू. एकेकाने होकार दिला. मास्तरांची चौकट होती, आवाज नव्हता. रीतीप्रमाणे तोही होकारच. तिने फक्त "निघाली" म्हणायचं बाकी होतं. तोंडून भलतंच निघालं.

"मास्तर, तुमचं गप्प बसणं मी होकार धरणार नाही. तुम्ही बोला."

कुणीतरी खाकरलं.

"किती वेळा बोलू?" मास्तर म्हणाले. "तुझ्या कामावर ओळीओळीला शेरे लिहिले. एकाचं उत्तर नाही."

निदान 'तू' तरी परत आलं. पण शेरे कुठले? तिने शोधले, इतरांनी शोधले, एकही सापडेना. आता मास्तरही चक्रावले. त्यांनी आपला पडदा सगळ्यांना दाखवला. खरंच, तिच्या ओळींखाली त्यांचे शेरे होते, आणि प्रत्येकाच्या कडेला बारीक अक्षरांत 'प्रलंबित'. माशी शिंकली होती ती इथे. शेरे लिहून झाले की शेवटी 'पाठवा'चं बटण दाबावं लागतं. तोवर ते लिहिणाऱ्यालाच दिसतात. येईल त्या नव्या माणसाला हे बजावणारे मास्तर स्वतः ते विसरले होते, आणि आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून फुगून बसले होते.

"हे बटण होय," ते पुटपुटले. "दिसलंच नाही मला."

बटण दाबताच शेरे धडाधड येऊन पडले. पहिलाच होता, 'मशीन गप्प आहे म्हणजे मेलं असं नाही. मधली तार तुटली असेल.' चाचणीचं कोडं तिथेच सुटलं. नेटवर्क जरा रेंगाळलं की मुकादम जिवंत मशीनला मेलेलं ठरवत होता. तिने आवृत्ती पुढे ढकलली. कुणाचीच हरकत आली नाही.

"शेवटचा वाचू नकोस," मास्तर घाईने म्हणाले. "तो आता जुना झाला."

"काय आहे त्यात?"

त्यांनी चष्मा काढला. "डोळे साथ देत नाहीत गं. हा भाग यापुढे तू सांभाळशील का, असं विचारलं होतं. उत्तर आलं नाही तर नको समजेन, असंही लिहिलं होतं." मग हळूच म्हणाले, "नाही आलं. मी तसं समजून घेतलं."

तिला भरून आलं. नाक ओढल्याचा आवाज सगळ्यांना जाऊ नये म्हणून तिने माइक बंद केला, डोळे पुसले आणि म्हणाली, "सांभाळीन. पण शेरे मारणं तुम्ही सोडायचं नाही."

मास्तर तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली.

बहीण इस्त्री ठेवून मागून वाकली. "माइक बंद आहे तुझा."

तिने घाईघाईने तो उघडला.

"हो," ती म्हणाली. "मास्तर, हो."